अंगात येणं आणि तोंड फुटणं

बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'वर (१९८६) आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. पण आषाढातल्या अंगात येण्याच्या वर्णनापाशी आले की समीक्षक घाईने पान उलटतात. प्रस्थापितांना तिथे लोकसंस्कृतीचे रम्य चित्र दिसते, आपल्या चळवळीतल्यांना निव्वळ अंधश्रद्धा. घुमणारी ती बाई कोण, हे दोघेही विचारीत नाहीत.

बेबीताई स्वतः या सगळ्याला अज्ञान म्हणतात, आणि आंबेडकरी कार्यकर्तीने तसे म्हणणे रास्तच आहे. मात्र त्यांनी टिपलेला तपशील त्यांच्या निवाड्यापेक्षा अधिक सांगतो. त्याच पुस्तकात कोवळ्या वयाच्या सुना आहेत. कोंबडा आरवायच्या आत त्यांना उठवून जात्यावर बसवले जाते, पोटात अन्न नसते, पळून गेलीच तर पायात लाकडाचा खोडा. हे वेगळ्या पानांवर आले आहे. ती पाने आषाढाच्या पानांशेजारी ठेवून वाचली पाहिजेत. (मराठी कवीला स्वतःच्या निद्रानाशाचे भारी कौतुक, जात्यावर मोडलेल्या झोपेची दखल त्याने किती घेतली?)

भूक, वर्षानुवर्षांची अपुरी झोप, एका लयीत कडाडणारी हलगी, धुपाचा धूर, भोवतीच्या गर्दीची अपेक्षा. एवढे एकत्र आले की जाणिवेची एकसंधता सैल होते. नेहमीचा 'मी' बाजूला सरतो आणि तोंडातून दुसरेच कोणी बोलू लागते. जाणिवेच्या या दुभंगण्याची मांडणी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ पिएर जाने याने १८८९ साली केली. म्हणजे ते ढोंग असतेच असे नाही, आणि देवी तर नसतेच.

पण मन का दुभंगले हे सांगून प्रश्न संपत नाही. दुभंगल्यावर ती काय बोलली, हा पुढचा प्रश्न. शिरूर-दौंडकडे, घोड आणि भीमेच्या काठच्या आमच्या गावांत, अंगात येणाऱ्या माणसाला 'झाड' म्हणतात. झाडाला विचारायचे, झाड सांगेल ते करायचे. एरवी जिला 'जेवलीस का' असे कोणी विचारीत नाही, तिच्यापुढे सासरा हात जोडून उभा राहतो! मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात सोमाली स्त्रियांविषयी हेच नोंदले आहे: अंगातले भूत नवऱ्याकडे नवे कापड, अत्तर, चांगले जेवण मागते. दबलेल्यांचा हा आडवळणाचा निषेध, असे लुईस म्हणतात. आपल्याकडे मात्र हात जोडणारा तो सासराही गावाच्या लेखी अस्पृश्यच होता. त्याच्यावर गाव, आणि त्याच्याखाली सून. लुईसची मांडणी इथे जशीच्या तशी लावता येत नाही, ती या उतरंडीमुळे.

१९५६ साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. देव्हारे रिकामे झाले. ते व्हायलाच हवे होते, यात माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पोतराजाला सोडलेले पोर आणि खोड्यातली सून ज्या व्यवस्थेने घडवली, तिचीच ती देवी होती. मात्र देवीबरोबर त्या बाईची बोलण्याची एकमेव जागाही गेली. तिच्याऐवजी आपण तिला कोणती जागा दिली?

बेबीताईंचे उत्तर त्यांच्या लिहिण्यातच आहे. दुकान सांभाळता सांभाळता त्यांनी हे लेखन केले आणि वीस वर्षे ते नवऱ्यापासून लपवून ठेवले. पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादाला (२००८) जोडलेल्या, माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत त्यांनी हे सांगितले आहे. ज्या घरात बाबासाहेबांची तसबीर होती, त्याच घरात बाईची वही लपवावी लागली! आपल्या समीक्षेने ही गोष्ट लेखिकेचा खाजगी तपशील म्हणून बाजूला ठेवली. मला ती या स्वकथनाचा गाभा वाटते. अंगात आलेली बाई स्वतःच्या नावाने बोलत नव्हती, म्हणून सुरक्षित होती. बेबीताई स्वतःच्या नावाने लिहीत होत्या, म्हणून वही लपवावी लागत होती.

आमच्या भागातल्या वस्त्यांत आज जयंतीचे सूत्रसंचालन मुली करतात, आणि उत्तम करतात. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब ठरवणारी बैठक मात्र अजून बहुतेक ठिकाणी पुरुषांचीच असते. बाया बाहेर ओट्यावर बसून ऐकतात.