अमात्य म्हणजे खजिनदार काय ?

करवीरकर संभाजी महाराजांच्या नांवें निघालेल्या आज्ञापत्राविषयीं लिहितांना पुष्कळ लेखक रामचंद्रपंतांच्या 'अमात्य' या पदाचा अर्थ 'खजिनदार' असा देतात. तो ग्राह्य नाहीं. इ. स. 1674 च्या राज्याभिषेकसमयीं 'मुजुमदार' या फार्सी संज्ञेच्या जागीं 'अमात्य' ही संज्ञा आली. कानूजाबत्यांत त्याजकडे जमाखर्चाची चौकशी, दफ्तरदार व फडणीस यांवर ताबा आणि पत्रांवर निशाण करणें हीं कामें आहेत. रोकड सांभाळणारा तो पोतनीस.

हा भेद जुनाच आहे. कौटिल्यानें द्रव्य जमविणारा समाहर्ता, तें राखणारा सन्निधाता व हिशेबाचें अक्षपटल हीं पृथक् केलीं, आणि अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले. ज्याच्या हातीं किल्ली, त्याच्याच हातीं हिशेबाची तपासणी नसावी, हें यांतील मर्म. करवीर राज्य 1949 सालीं विलीन झालें, 1962 सालीं जिल्हा परिषदा आल्या. तरी हिशेब ठेवणारा मुख्य लेखा व वित्त अधिकारी निराळा आणि ते तपासणारें स्थानिक निधि लेखापरीक्षा खातें निराळें, हा क्रम सुटलेला नाहीं.

अर्थ चुकला कीं कागदांची वर्गवारीही चुकते. अमात्याच्या निशाणाचा कागद केवळ 'खजिना' या सदरांत घालणें म्हणजे तपासणीचा पुरावा नाहींसा करणें होय. म्हणून संग्राहकांनीं रुमाल फोडून शिक्क्याचे कागद तेवढे वेगळे काढूं नयेत. ताळेबंद व त्यावरील निशाण एकत्र राहिलें, तरच कोणाचा हिशेब कोणीं पाहिला हें सिद्ध करितां येईल.