‘बर ओक’ या निबंधातील अनुक्त मनुष्य

ऑल्डो लिओपोल्ड याचा ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ हा निबंधसंग्रह १९४९ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर वर्षभराने, प्रसिद्ध झाला. त्याच्या एप्रिल विभागातील ‘बर ओक’ हा निबंध आकाराने लहान आहे. परंतु अमेरिकेतील ओकच्या माळरानांच्या, म्हणजे विरळ ओकवृक्ष असलेल्या तृणभूमींच्या, पुनरुज्जीवनाचा विचार त्यात बीजरूपाने आढळत असल्याने तो विशेष चिंतनीय ठरतो.

निबंधाची रचना नाट्यात्म आहे. दक्षिण विस्कॉन्सिनमध्ये गवत आणि अरण्य यांच्यात दीर्घकाल चाललेला संघर्ष हे त्याचे कथानक होय. अग्नी हा गवताचा साहाय्यकर्ता. आणि बुचासारख्या जाड सालीमुळे वणव्यातून तगणारा बर ओक हा अरण्याचा आघाडीचा सैनिक. गवतात दूरदूर उभे असलेले वृक्ष या संघर्षातील समतोल दर्शवितात. १८४० नंतरच्या दशकात वसाहतकऱ्यांनी जमीन नांगरली, वणवे थांबले आणि माळाच्या जागी दाट रान माजले. वृक्ष वाढल्यामुळेच एक वनस्पतिसृष्टी लोप पावावी, हा विरोधाभास लेखकाने सिद्धान्ताचा भार न टाकता प्रत्ययास आणून दिला आहे. हे या निबंधाचे निःसंशय यश होय.

तथापि त्याच्या पात्रयोजनेत एक उणीव जाणवते. ससे, उंदीर व किडे यांना येथे भूमिका आहेत, वसाहतकऱ्यालाही आहे; परंतु पिढ्यान्‌पिढ्या माळ पेटविणाऱ्या हो-चंक आदी मूळ रहिवाशांना या नाट्यात प्रमुख स्थान नाही. अग्नी जणू स्वयंभूच भासतो. मनुष्य आला आणि सृष्टी बिघडली, तेव्हा तो बाजूस झाला की ती सुधारेल, असा ग्रह यातून होणे शक्य आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. केवळ कुंपण घालून राखलेले ओकचे माळरान काही दशकांतच झुडपांखाली जाते. ते ठराविक काळाने जाळावे लागते. दाट सावली धरणारी झाडे तोडावी लागतात. गवताचे व रानफुलांचे बी पेरावे लागते. १९८५ साली मध्यपश्चिम अमेरिकेत अशा माळरानांच्या मूळ विस्तारापैकी सुमारे ०.०२ टक्केच चांगल्या स्थितीत उरला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे हा ग्रह किती महागात पडू शकतो ते कळून येते.

ही उणीव लेखकाच्या अज्ञानातून आली, असे मात्र म्हणता येणार नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वृक्षोद्यानात गवताळ माळ नव्याने घडविण्याच्या कार्याशी त्याचा १९३४ पासून निकट संबंध होता. शिवाय याच संग्रहातील ‘ॲक्स इन हँड’ या निबंधात, बर्चपेक्षा पाइनला झुकते माप देणाऱ्या आपल्याच कुऱ्हाडीची तो निर्भीड चिकित्सा करतो. भूमीवर काय राखावे व काय तोडावे याची निवड मनुष्यच करतो, ही जाणीव तेथे स्पष्ट आहे.

म्हणून हे दोन निबंध एकत्र वाचणे इष्ट. ‘बर ओक’ हानीची जाणीव देतो, ‘ॲक्स इन हँड’ उत्तरदायित्वाची. पहिला एकटाच वाचल्यास तो विलापिका ठरतो. दुसऱ्याच्या सान्निध्यात त्यास कर्तव्याचा अर्थ प्राप्त होतो.