शकावलीचे वाचन

इतिहास म्हणजे सनावळीचे पाठांतर, ही तक्रार मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आली आहे. तिला उत्तर म्हणून सनावळ्या मागे सारून गोष्टी पुढे आणाव्यात, असे पुष्कळ शिक्षकांस वाटते. मुलांस गोष्ट रुचते हे खरे; परंतु सनावळीवर जो दोष ठेवला जातो तो तिचा नसून आपल्या वाचनाचा आहे, असे आमचे मत आहे. सनावळी हीदेखील कोणीतरी, काही हेतूने, काही कागदांच्या आधारे केलेली रचना होय. बखरीकडे आपण ज्या चिकित्सक दृष्टीने पाहतो, ती दृष्टी सनावळीच्या वाट्यास क्वचितच येते.

ह्या प्रमादात आम्हीही सहभागी आहोत. एकदा एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत शिवजन्माचे वर्ष १६२७ असे लिहिले. आम्ही तांबड्या शाईने ते खोडून १६३० लिहिले आणि एक गुण कापला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आजोबांच्या संग्रहातील एक जुने पुस्तक घेऊन आला. त्यात १६२७ हेच वर्ष छापलेले होते. “मग हे पुस्तक खोटे का?” असे त्याने विचारले. “पाठ्यपुस्तकात आहे तेच लिहावे,” एवढेच आम्ही बोललो. प्रश्न इतिहासाचा होता आणि आमचे उत्तर परीक्षेचे होते.

त्या मुलास जे सांगावयास हवे होते ते असे. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात १६२७ हे वर्ष दिले. उत्तरकालीन बखरींतही शके १५४९ चा उल्लेख आढळतो. पुढे भोरजवळच्या कारी येथील जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, अशी जन्मतिथी आहे. १९२७ मध्ये कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ छापून आले. तेही शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचीच साक्ष देते. एक देशमुखाच्या घरचे टिपण, दुसरे समकालीन कवीचे संस्कृत काव्य; दोहोंचा मेळ बसला. शकावलीतील वारही गणिताने पडताळून पाहता येतो. १९ फेब्रुवारी १६३० ह्या दिवशी खरोखरच शुक्रवार येतो. असे असूनही १९६६ साली महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या समितीत विद्वानांचे एकमत झाले नाही. पुढे शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली. तेव्हा आजोबांचे पुस्तक खोटे नव्हते. ते आपल्या काळी उपलब्ध असलेल्या पुराव्याइतके खरे होते.

आता शकावलीकडे गद्य म्हणून पाहू. तिची वाक्ये तुटक आहेत. तिथी, वार, घटना, आणि पुढची नोंद. तीत स्तुती नाही, शोक नाही. वाचकास ती रुक्ष वाटते. पण राज्यातील मोठ्या घडामोडींच्या शेजारी जेधे घराण्याच्या घरगुती गोष्टी येतात, तेव्हा हा कागद कोणाच्या ओसरीवर बसून लिहिला गेला असेल, हे ध्यानात येते. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर ह्याच्या अगदी उलट. जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेने लिहिलेल्या त्या बखरीत प्रसंग, संवाद आणि किल्ल्यांच्या याद्या आहेत. तिथी मात्र विरळा. राजा कसा होता हे सभासदास सांगावयाचे आहे. काय केव्हा घडले एवढेच शकावलीस सांगावयाचे आहे.

दोन्ही साधने वर्गात एकत्र ठेवली म्हणजे काय लाभते, ह्याचे एक उदाहरण पुरे. अफजलखानाच्या भेटीचा प्रसंग सभासद रंगवून सांगतो आणि मुले श्वास रोखून ऐकतात. त्यानंतर फळ्यावर दोनच तारखा लिहाव्यात: १० नोव्हेंबर १६५९ रोजी खानाचा वध, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी पन्हाळा हस्तगत. मध्ये केवळ अठरा दिवस. एवढ्या अवधीत प्रतापगडापासून पन्हाळ्यापर्यंत सेना पोहोचते आणि असा दुर्ग घेते, तर पुढील मोहिमेचा विचार भेटीपूर्वीच झाला असावा काय, हा प्रश्न मुलांकडूनच येतो. भेटीच्या गोष्टीत गुंतलेल्या मनास तो सुचत नाही. तो दोन तारखांमधील अंतराने सुचविला. सनावळी विचार करावयास लावते ती अशी.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या शाळांस ह्या बाबतीत एक सोय आहे, तिचा उपयोग आपण करीत नाही. राज्याभिषेक शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस झाला. रायगडी उपस्थित असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन ह्याच्या पंचांगाप्रमाणे तो दिवस ६ जून १६७४ होता; गोव्यातील पोर्तुगीज त्याच दिवशी १६ जून लिहीत होते, कारण त्यांनी १५८२ मध्येच सुधारलेली कालगणना स्वीकारली होती आणि इंग्रजांनी ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. आपली फाल्गुन वद्य तृतीया इंदूर-ग्वाल्हेरकडील हिंदीभाषी शेजाऱ्याच्या घरी चैत्र कृष्ण तृतीया असते, कारण त्याचा महिना पौर्णिमेस संपतो आणि आपला अमावास्येस. वडोदऱ्यातील गुजराती व्यापाऱ्याचा संवत्‌ दिवाळीनंतर बदलतो, आपला शक पाडव्यास. पुण्याच्या मुलास जे समजावून सांगावे लागते, ते पणजी, इंदूर किंवा वडोदरा येथील मराठी मुलास शेजारच्या भिंतीवरील दिनदर्शिकेत दिसते. तारीख ही कोणाच्या तरी पंचांगातून आलेली असते, हे त्यास सहज पटेल.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींस आमची सूचना साधी आहे. मुलांकडून कालपट अवश्य करून घ्यावा, परंतु त्यात सन आणि घटना ह्या दोन रकान्यांशेजारी ‘कशावरून?’ असा तिसरा रकाना आखावा. प्रत्येक नोंदीचा आधार सापडेलच असे नाही. जेथे आधार सापडणार नाही तेथे रकाना रिकामा राहू द्यावा. शिक्षकाने तो घाईने भरू नये. दोन साधनांत विरोध असेल तर दोन्ही वर्षे लिहावीत आणि विद्यार्थ्याने आपली पसंती कारणासह नोंदवावी. गुण कारणास द्यावेत.

त्या मुलाचा गुण आम्ही परत दिला नाही. त्याच्या वहीत असा रकाना असता, तर त्यात त्याने आजोबांच्या पुस्तकाचे नाव लिहिले असते आणि ते उत्तर आम्हांस खोडता आले नसते.