करंजियाचे मिशन, हिस्लॉप आणि लिंगोगीताची संहिता

पाश्चात्य देशांतील ख्रिस्ती तरुणांच्या मंडळ्या सुटीच्या काळात दोन-चार आठवड्यांसाठी परमुलखात जातात, तेथे एखाद्या शाळेच्या भिंती उभारतात, मुलांना गाणी शिकवितात, प्रार्थना चालवितात आणि स्वदेशी परत येतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही प्रथा विशेष फोफावली. तिच्यावर खुद्द ख्रिस्ती अभ्यासकांनीच बरीच टीका केली आहे. खर्च, परिणाम, यजमानांचा मान या सर्व बाजूंनी तिची तपासणी झाली आहे. मात्र भाषेच्या अभ्यासकाला जो प्रश्न प्रथम सुचावयास हवा, तो या टीकेत बहुधा दुय्यम राहतो. ही मंडळी तेथे कोणत्या भाषेत बोलतात, आणि परत येऊन तेथल्या माणसांचे म्हणून जे बोलणे सांगतात ते कोणाचे असते? या प्रश्नाचा विचार करण्यास आपल्या प्रदेशाचा इतिहास चांगले साहित्य पुरवितो. धर्मांतराच्या इष्टानिष्टतेचा वाद येथे बाजूस ठेवला आहे. त्यावर नागपुरात पुष्कळ शाई खर्च झालेली आहे.

योहानेस गॉसनर या जर्मन धर्मोपदेशकाने १८३६ मध्ये बर्लिन येथे स्वतंत्रपणे मिशनकार्य आरंभिले. त्याची कल्पना अशी की, विद्वान पाद्र्यांऐवजी साधे, कष्टाळू, हातात कसब असलेले तरुण पाठवावेत. त्यांनी पगारावर अवलंबून न राहता सुतारकी, शेती वा अन्य व्यवसाय करून आपला चरितार्थ चालवावा आणि त्याच ओघात धर्मोपदेश करावा. अशा तरुणांची एक तुकडी १८४०-४२ च्या सुमारास गोंडांमध्ये काम करण्यासाठी अमरकंटकाजवळील करंजिया या गावी येऊन राहिली. लोश नावाचा, दक्षिण हिंदुस्थानात आधी काम केलेला पाद्री तिचा प्रमुख होता. वस्ती नीट बसते न बसते तोच पटकीची साथ आली आणि काही दिवसांत चौघे दगावले. उरलेल्यांपैकी काही नागपूर-कामठीकडे आले व पुढे स्टीफन हिस्लॉप याच्या मिशनला मिळाले. करंजियाचे काम संपले. ही तरुण माणसे अल्पकाळासाठी आलेली नव्हती. जन्मभर राहण्याच्या निश्चयाने आलेली होती. अल्पकाळ त्यांच्या वाट्याला आला, एवढेच. त्यामुळे आजच्या सुटीतील प्रवाशांशी त्यांची तुलना करताना तोल सांभाळला पाहिजे. तथापि भाषेच्या दृष्टीने दोघांची अवस्था एकच ठरते. गोंडी भाषेच्या अभ्यासाच्या इतिहासात करंजियाच्या या मंडळींना स्थान नाही, आणि इतक्या अवधीत ते मिळणेही शक्य नव्हते.

पण येथेच एक विचित्र गोष्ट समोर येते. करंजियाच्या या शोकान्तानंतर थोड्याच वर्षांनी, १८४९ मध्ये, ड्रिबर्ग व हॅरिसन या दोघांनी नर्मदा प्रदेशातील गोंडांना दिलेल्या ‘दुसऱ्या भेटीचा’ वृत्तान्त कलकत्त्यास छापला आणि त्याला गोंडी भाषेचे व्याकरण व शब्दसंग्रह जोडला. ग्रंथाच्या नावातच ‘भेट’ हा शब्द आहे. भेटीच्या बळावर व्याकरण! हे वाचून हसू येते. पण मग आपल्या विद्यापीठांतून पाच-सात दिवसांच्या दौऱ्यावर गडचिरोलीस जाऊन आलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांना ‘अमुक बोलीचे वर्णनात्मक व्याकरण’ अशी शीर्षके असतात, तेही आठवते. ड्रिबर्ग-हॅरिसन यांनी निदान आपल्या मुक्कामाचे स्वरूप मुखपृष्ठावर लिहिले.

आता हिस्लॉपकडे वळू. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा हा पाद्री १८४५ च्या आरंभी नागपुरास आला, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. नागपूर भोसल्यांचे होते. संस्थान खालसा होण्यास अद्याप नऊ वर्षांचा अवधी होता. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परतताना तो पुराच्या पाण्यात बुडून मरण पावला. म्हणजे अठरा वर्षांचे वास्तव्य. या काळात त्याने शाळा चालविल्या, मराठीतून उपदेश केला, रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह नागपूर परिसराच्या भूस्तरशास्त्राचा पाया घातला. नागपुरात १८८३ मध्ये स्थापन झालेले महाविद्यालय त्याचेच नाव धारण करते. त्याच्या निधनानंतर त्याच्या कागदपत्रांतून मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये मध्य प्रांतातील आदिम जमातींविषयीचा जो ग्रंथ संपादून प्रसिद्ध केला, त्यातच लिंगोगीताची प्रसिद्ध संहिता आली: परधान गायकाच्या तोंडून उतरवून घेतलेली, रोमन लिपीत मूळ गोंडी, आणि ओळीखाली शब्दशः इंग्रजी.

गोंडी वाङ्मयाच्या अभ्यासात या संहितेचे स्थान आद्य ग्रंथाचे आहे. गोंडांची उत्पत्ती, महादेवाने त्यांना गुहेत कोंडणे, लिंगोचा जन्म, त्याचा वध व पुनरुज्जीवन, त्याने केलेली गोंडांची सुटका, कुळांची विभागणी, देवपूजेची व विवाहविधीची स्थापना असा तिचा विस्तार आहे. आज गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहेशी माघ पौर्णिमेस जी मोठी यात्रा भरते, तिच्यामागे याच कथेची मौखिक परंपरा उभी आहे. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी पारी कुपार लिंगोला गोंडी पुनेमचा प्रवर्तक म्हणून जे ग्रंथरूप दिले, तेही याच कथाविश्वात उभे आहे. म्हणून संहिता किती विश्वसनीय आहे हा प्रश्न ग्रंथालयापुरता उरत नाही. जे लोक तिला आपला धर्मेतिहास मानतात त्यांचा त्यात वाटा आहे.

हिस्लॉप अठरा वर्षे नागपुरात राहिला म्हणून त्याची गोंडी संहिता करंजियाच्या किंवा ड्रिबर्गच्या अल्पकालीन परिचयाहून आपोआप श्रेष्ठ ठरते, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासले पाहिजे. अठरा वर्षे तो ज्या भाषेत राहिला ती मराठी. शाळा शहरात, प्रवचने बाजारात. कामठीच्या छावणीत मद्रासच्या पलटणी, म्हणजे कानांवर तामिळ व तेलुगू. गोंड त्याला भेटत ते मुख्यतः हिवाळ्यातील दौऱ्यांत. अर्थात मराठीच्या बाबतीत तो रहिवासी होता आणि गोंडीच्या बाबतीत प्रवासी. एकाच माणसाच्या आयुष्यात हे दोन्ही काळ शेजारी शेजारी नांदत होते. मुक्कामाची लांबी मोजताना पंचांग उपयोगी पडत नाही; कोणत्या भाषेत मुक्काम, हे आधी विचारावे लागते.

याचे परिणाम संहितेत कोठे शोधावयाचे? एक स्थळ सर्वनामांचे आहे. गोंडीत पुरुषवाचक नामासाठी ‘वोर’ हे सर्वनाम येते, आणि स्त्री, पशू, पक्षी, वृक्ष, वस्तू या सर्वांसाठी एकच ‘अद्’. ‘ती’ आणि ‘ते’ यांत मराठी व इंग्रजी जो भेद करतात तो गोंडी करीतच नाही. आता लिंगोकथेत देवी आहेत, पक्षी आहेत, नद्या आहेत, फुले आहेत. आणि कथेचे मर्म पुष्कळदा याच गोष्टीत आहे की, वृक्ष व देवता, पक्षी व माता यांमध्ये काटेकोर सीमा नाही. शब्दशः इंग्रजी देणाऱ्याला मात्र दर ओळीस निर्णय घ्यावा लागतो: येथे स्त्री की वस्तू? निर्णय घेतला की सीमा पडली. ती सीमा गायकाने घातलेली नाही. पुढील वाचक मूळ ओळ न वाचता तिच्याखालची ओळ वाचतो आणि गोंडांच्या सृष्टिकल्पनेवर निबंध लिहितो.

दुसरे स्थळ ‘आम्ही’ व ‘आपण’ यांचे. ऐकणाऱ्याला वगळून बोलणारा ‘आम्ही’ आणि त्याला सामावून घेणारा ‘आपण’ हा भेद मराठीत आहे व द्राविड भाषांत तो प्राचीन आहे. इंग्रजी व जर्मन यांत नाही. गोंडीच्या सर्व बोलींत तो सारख्या प्रमाणात टिकलेला नाही. परंतु जेथे असेल तेथे इंग्रजी ओळीत तो पुसला जाणारच. गोंड देवांपुढे उभे राहून बोलतात, भाऊ लिंगोला उद्देशून बोलतात, तेव्हा बोलणाऱ्यांच्या गटात लिंगो आहे की नाही, हे कथेच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हे. जाता जाता असे सुचते की, धर्मोपदेशकाची पहिली परीक्षाही याच दोन शब्दांत होते. ‘आपण पापी आहोत’ आणि ‘आम्ही पापी आहो’ या दोन वाक्यांत वक्ता कोठे उभा आहे, हे नागपूरच्या बाजारातल्या कोणत्याही श्रोत्याला तत्काळ कळले असेल. चार आठवड्यांसाठी आलेल्या तरुणाला आपल्या भाषेतून एकच सर्वनाम घेऊन यावे लागते, आणि दुभाष्या त्याच्यासाठी परस्पर निवड करून टाकतो.

तिसरा मुद्दा गायकाचा. परधान हे गोंडांचे भाट. यजमानाच्या कुळाची व देवांची गाणी गाणे हा त्यांचा परंपरागत अधिकार. आदिलाबादकडील परधानांविषयी फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी नोंदविले आहे की, त्यांची घरची भाषा मराठी असून गाणी मात्र ते गोंडीत गातात. नागपूरकडे काय स्थिती होती, याचा अंदाज यावरून बांधता येतो. अशा गायकाची गोंडी ही गाण्याची गोंडी असते: जुनी रूपे जपणारी, ठरावीक पदबंधांनी भरलेली, आणि मराठी-हिंदीचे शब्द सहज आत घेणारी. महादेव, भगवान, अमृत हे शब्द संहितेत आढळतात म्हणून ती भ्रष्ट झाली आहे, असे मानणारे टीकाकार पूर्वीही होते व आजही आहेत. फक्त त्यांचे हेतू बदलले आहेत. पूर्वी हिंदू धर्माहून निराळा असा ‘शुद्ध’ आदिम मनुष्य शोधणाऱ्यांना हे शब्द खटकत. आज गोंडी अस्मितेच्या पुरस्कर्त्यांना खटकतात. माझ्या मते दोन्ही पक्ष गायकावर अन्याय करतात. शेजारच्या भाषांशी शतकानुशतके व्यवहार करणाऱ्या भाटाने शेजारचे शब्द वापरू नयेत, ही अपेक्षा त्याच्या धंद्याचे स्वरूप ओळखत नाही. त्या शब्दांनी गाण्यात कोणते काम केले आहे हे पाहावे. तेथे महादेव हा गोंडांना कोंडणारा आहे. शब्द घेतला म्हणून त्यामागील श्रद्धाही जशीच्या तशी घेतली असे होत नाही.

संहितेचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. कॅप्टन फॉरसिथ याने मध्य हिंदुस्थानातील डोंगराळ प्रदेशाविषयीच्या १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लिंगोची कथा इंग्रजी पद्यात दिली, आणि वृत्त घेतले ते लाँगफेलोच्या ‘हायावाथा’चे. ‘हायावाथा’ (१८५५) अमेरिकेतील आदिवासींची कथा सांगते. पण तिचे वृत्त लाँगफेलोने फिनलंडच्या ‘कालेवाला’वरून उचललेले आहे. म्हणजे नागपुरात परधानाने गायिलेले गीत इंग्लंडमध्ये पोहोचले ते फिनलंडच्या चालीवर, अमेरिकन वेषात. इंग्रज वाचकाला ते ‘आदिम’ वाटले, यात नवल नाही. आदिम माणूस कसा गातो हे त्याला आधीच ठाऊक होते.

करंजियाचे नाव पुन्हा ऐकू येते ते १९३२ मध्ये. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात १९२७ साली आलेला तरुण इंग्रज धर्मोपदेशक व्हेरियर एल्विन हा आपले मित्र शामराव हिवाळे यांच्यासह तेथे येऊन राहिला. १९३५ मध्ये त्याने चर्चशी संबंध तोडला आणि उर्वरित आयुष्य आदिवासींच्या अभ्यासात घालविले. सहृदयता, सहवास आणि मुक्कामाची लांबी या तिन्ही बाबतींत एल्विन हिस्लॉपच्या कितीतरी पुढे आहे. शामरावांचे परधानांवरील पुस्तक (१९४६) तर एका मराठी माणसाने परधानांच्या घरात वावरून लिहिलेले आहे. आपल्याकडे त्याची म्हणावी तशी दखल घेतली गेलेली नाही. असे असूनही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. एल्विन-हिवाळे यांचे लोकगीतसंग्रह बहुतांशी केवळ इंग्रजी भाषांतरे देतात. भाषांतरे सुंदर आहेत. इतकी की ती वाचताना मूळ ओळ कशी असेल हा प्रश्नच मनात उठत नाही. मैकलच्या गोंडांची बोली मुख्यतः हिंदीच्या अंगाची असल्याने ही गीते उतरवून घेणे गोंडीपेक्षा सोपे होते. तरीही मूळ शब्द छापले गेले नाहीत. याउलट हिस्लॉपचा गोंडीशी संबंध दौऱ्यांपुरता, त्याची दृष्टी परकी, त्याचे काम अपुरे आणि दुसऱ्याच्या हातून संपादित. पण त्याच्या ग्रंथात गायकाचा शब्द ओळीवर उभा आहे आणि अनुवादकाचा त्याच्या खाली. चूक झाली असेल तर ती पकडण्याचे साधन त्याच पानावर आहे. भाषेच्या अभ्यासकाला कमी आत्मीयतेने केलेले हे काम अधिक उपयोगी पडते, हे कबूल करणे अवघड असले तरी टाळता येत नाही.

सेतुमाधवराव पगडी यांनी आदिलाबादेत शासकीय अधिकारी असताना गोंडी आत्मसात करून तिचे व्याकरण लिहिले. तेव्हापासून लिंगोगीताची फेरतपासणी मराठी माणसाच्या आवाक्यात आलेली आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या २९ लाखांहून अधिक होती, म्हणजे साक्षीदारांचीही वाण नाही. १८६६ ची संहिता देवनागरीत उतरवून, टेंपलच्या इंग्रजी ओळी तात्पुरत्या झाकून, ती गोंदिया, गडचिरोली व आदिलाबाद येथील गायकांना ओळीओळीने ऐकविणे आणि त्यांचे पाठभेद नोंदविणे हे काम आपल्या विभागाने हाती घ्यावे असे वाटते. एका हिवाळ्यात ते होणार नाही. आरंभ पहिल्या भागातील ‘अद्’च्या प्रत्येक प्रयोगापासून करावा: गायकाला विचारावे की येथे कोण बोलत आहे, आणि त्याने ‘बाई’ किंवा ‘पाखरू’ असे काहीच न म्हणता पुढची ओळ गायिली, तर तेही लिहून घ्यावे.