पदरचे कोणाच्या? शिकारकथेची अत्युक्ती आणि दूरचित्रवाणीची साक्ष

शिकारीची हकिगत सांगणारा थोडे पदरचे घालून सांगतो, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते; आणि ऐकणाऱ्याला ते ठाऊक आहे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते. या दुहेरी जाणिवेवर शिकारकथा हा प्रकार उभा आहे. सहा फुटांचा वाघ आठ फुटांचा होतो, निसटलेला मासा दर कथनागणिक वाढत जातो, आणि तरीही श्रोता फसवला गेला असे कोणी म्हणत नाही. 'पदरचे घालणे' हा मराठी वाक्प्रचार येथे नेमका आहे. भर घातली गेली हे तर तो सांगतोच, पण ती कोणाच्या पदरची हेही त्यात गृहीत असते. भरीला धनी असतो. दूरचित्रवाणीवरील शिकार, मासेमारी आणि रानातील साहस यांच्या कार्यक्रमांविषयी 'हे खरे की बनावट' असा प्रश्न वारंवार विचारला जातो. तो अगदीच निरर्थक नव्हे. परंतु त्याआधी विचारायला हवा असा प्रश्न वेगळा आहे. या कार्यक्रमांतील पदरचे कोणाच्या पदरचे?

अतिशयोक्तीविषयी भारतीय साहित्यशास्त्र आपल्या समजापेक्षा अधिक सावध आहे. लोकमर्यादा ओलांडणारे कथन म्हणजे अतिशयोक्ती असे सांगताना भामहाने त्या ओलांडण्याला काही निमित्त असावे, अशी अट घातली आणि मग हीच सर्व वक्रोक्ती होय, असा तिचा गौरव केला. दंडीने 'काव्यादर्शा'त वैदर्भ आणि गौड या दोन मार्गांचा भेद सांगताना कांती या गुणाचा विचार केला. लौकिक अर्थाचे अतिक्रमण न करणे हे कांतीचे लक्षण. उलट गौडांना प्रिय ती अत्युक्ती. येथे एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. कांतीची क्षेत्रे म्हणून दंडी दोन गोष्टींचा उल्लेख करतो, वार्ता आणि वर्णन. म्हणजे जेथे कोणी कोणाला काही घडल्याचे सांगत आहे, तेथे मर्यादेचे मोल अधिक, हे त्याला जाणवले होते. शिकारकथा ही या दोहोंच्या सीमेवर राहते. ती वार्तेचे कपडे घालते आणि काव्याची चाल चालते. तिची सगळी गंमत आणि सगळा धोका या वेषांतरात आहे.

मराठवाड्याच्या सांस्कृतिक इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध शिकारकथा वाघाची नव्हे, लेण्यांची आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास सैन्याच्या २८व्या घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या शिकारीला निघाला आणि वाघूर नदीच्या दरीत त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. (वाघूर हा शब्द मराठीत शिकाऱ्याच्या जाळ्यालाही आहे, योगायोगाने का होईना, नाव शोभून गेले.) दहाव्या लेण्यात त्याने आपले नाव आणि तारीख चित्रित खांबावर कोरून ठेवली. या प्रसंगाच्या लोकप्रिय आवृत्तीत वाघच साहेबाला लेण्यापर्यंत घेऊन जातो, आणि पुढे 'शोध' हा शब्द येतो. अत्युक्ती वाघात नाही, ती 'शोध' या शब्दात आहे. परिसरातील माणसांना ठाऊक असलेली जागा त्या एका शब्दाने अज्ञात होते आणि शिकारी हा तिचा पहिला साक्षीदार ठरतो. कोरलेले अक्षर मात्र खरे आहे; तारीखही खरी आहे. पुरावा अस्सल आणि कथा फुगलेली, ही जोडी येथे प्रथम स्पष्ट दिसते, आणि पुढे कॅमेऱ्याच्या संदर्भात ती पुन्हा भेटणार आहे.

मराठीत भानू शिरधनकरांच्या शिकारकथांनी या प्रकाराला वाचक मिळवून दिला. तेथे थरार आहे आणि थराराचा भार उचलणारा निवेदकही आहे. पुढे व्यंकटेश माडगूळकरांच्या लेखनात एक मोलाचे स्थलांतर घडले. बंदूक हातात धरलेला हा लेखक हळूहळू पाहणारा झाला. ज्या 'सत्तांतर'ला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्या कादंबरिकेत वानरांच्या टोळ्यांचा संघर्ष आहे. तो रंगवताना माडगूळकर निवेदकाला जवळजवळ अदृश्य करतात, आणि तरी ती कल्पित कृती आहे हे मुखपृष्ठापासून वाचकाला माहीत असते. मारुती चितमपल्ली यांचा मार्ग आणखी वेगळा. वनाधिकारी असल्याने त्यांना अधिकारवाणी सहज उपलब्ध होती. परंतु त्यांच्या लेखनात ज्ञान बहुधा कोणाकडून तरी आलेले असते, नवेगाव बांधच्या माधवराव पाटलांकडून, कोणा ढीवराकडून, कोणा गोंड वृद्धाकडून. त्यांतल्या काही हकिगती जीवशास्त्राच्या कसोटीवर टिकणार नाहीत, अशी शंका घेता येते. पण तेथे शंका कोणावर घ्यायची हे वाचकाला कळते. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच येते. हा प्रामाणिकपणाचा एक प्रकार आहे आणि तो अचूकतेहून भिन्न आहे.

दूरचित्रवाणीने नेमकी हीच सोय काढून घेतली. चित्र स्वतःच साक्षीदार होऊन समोर येते. त्याला पदर नसतो. १९५८च्या 'व्हाइट वाइल्डरनेस' या डिस्ने चित्रपटात लेमिंग प्राणी सामूहिक आत्महत्या करताना दिसतात. त्याला ऑस्कर मिळाले. चित्रण समुद्रकिनारा नसलेल्या कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात झाले होते आणि प्राणी आणून कड्यावरून ढकलले गेले होते, हे १९८२मध्ये कॅनडाच्या सीबीसीने उघड केले. दरम्यान ही कल्पित वर्तणूक जगाच्या बोलण्यात म्हणीसारखी रुळून गेली होती. २०११मध्ये बीबीसीच्या 'फ्रोझन प्लॅनेट'मधील ध्रुवीय अस्वलाच्या पिल्लांचे दृश्य एका डच प्राणिसंग्रहालयात चित्रित झाल्याचे कळल्यावर वाद झाला, तेव्हा डेव्हिड अटेनबरो यांचे म्हणणे असे की, ते मध्येच सांगितले असते तर वातावरण बिघडले असते. हे उत्तर सौंदर्यशास्त्रीय आहे, आणि म्हणूनच विचारार्ह आहे. ते अप्रत्यक्षपणे मान्य करते की येथे वार्तेपेक्षा रसाला प्राधान्य आहे. मग कपडे वार्तेचे का?

'मॅन व्हर्सेस वाइल्ड'ने या पेचावर एक व्यावसायिक तोडगा काढला. बेअर ग्रिल्स काही रात्री रानाऐवजी निवासात काढतो, हे २००७मध्ये उघड झाल्यावर कार्यक्रमात सूचना येऊ लागली की तंत्रे दाखवण्यासाठी काही प्रसंग मुद्दाम उभे केलेले आहेत. ही सूचना म्हणजे कीर्तनकाराने पूर्वरंग एका ओळीत उरकावा तशी आहे. करार झाला खरा, पण कोणाच्या लक्षात येण्याआधीच पुसला गेला. १२ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसारित झालेल्या, कॉर्बेट अभयारण्यातील भागात पंतप्रधान नरेंद्र मोदी हिंदीत बोलत होते आणि ग्रिल्स इंग्रजीत. दोघांना एकमेकांचे कळते कसे, असा प्रश्न प्रेक्षकांनी विचारला. कानातील यंत्रावरून तत्काळ भाषांतर होत होते, असा खुलासा पुढे 'मन की बात'मध्ये झाला. येथे लबाडी कोणतीच नव्हती. तरीही प्रेक्षकाला अडखळायला झाले ते अजगर-वाघांपाशी नव्हे, संवादापाशी, ही बाब अभ्यासकाने नोंदवावी अशी आहे. रानाविषयी तो काहीही मानायला तयार असतो. संवादाचा मात्र त्याला स्वतःचा अनुभव असतो.

मासेमारीच्या कार्यक्रमांत, उदाहरणार्थ २००९ ते २०१७ या काळात चाललेल्या जेरेमी वेडच्या 'रिव्हर मॉन्स्टर्स'मध्ये, रचना भयकथेची असते आणि शेवट उलगड्याचा. काली नदीतील गूंच माशाचा भाग याचा नमुना. मासा सापडतो, मोजला जातो, पाण्यात परत सोडला जातो. मोजमाप खरे, पण त्याच्याआधीची चाळीस मिनिटे अफवेची. गळ टाकणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे, हात पुढे ताणून मासा लेन्सजवळ धरायचा. अख्खा कार्यक्रम त्या ताणलेल्या हातासारखा असतो.

ही सगळी चर्चा परक्या वाहिन्यांपुरती ठेवता आली असती, पण विषय घराजवळ येऊन पोहोचला आहे. छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) सिडको एन-१ भागात ३ डिसेंबर २०१९ रोजी बिबट्या शिरला आणि काही तासांत बेशुद्ध करून पकडला गेला. जुलै २०२४मध्ये उस्मानपुऱ्यापासून थोड्याच अंतरावरील उल्कानगरीत एक बिबट्या सीसीटीव्हीत दिसला. मग प्रोझोन मॉलच्या परिसरातील चित्रणात. पहिल्या प्रसंगात घटना होती. दुसऱ्यात काही सेकंदांचे धूसर चित्र, त्यापुढे पथके, पिंजरे आणि वाट पाहणे. म्हणजे घटनेचा अभाव. दूरचित्रवाणीने दोन्ही प्रसंग एकाच सुरात सांगितले. सीसीटीव्ही हा निवेदकाशिवायचा शुद्ध साक्षीदार. तो काही वाढवत नाही, तिखटमीठ लावत नाही. परंतु तेच पाच-सहा पावलांचे चालणे जेव्हा दिवसभर चक्राकार दाखवले जाते, तेव्हा रस्ता एकदा ओलांडून गेलेला बिबट्या रस्ता ओलांडतच राहतो. एकही खोटा शब्द न वापरता अतिशयोक्ती सिद्ध होते. प्राचीन आलंकारिकांना या प्रकाराची कल्पना नव्हती, कारण त्यांच्यासमोर पुनरुक्ती हा दोष होता, साधन नव्हते. उस्मानपुऱ्यातल्याच संत एकनाथ रंगमंदिरात पडदा वर जातो तेव्हा समोरचे सोंग हे सोंग आहे, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. ज्या एकनाथांचे नाव त्या वास्तूला आहे, त्यांचे भारूड याच जाणिवेवर चालते. तोच प्रेक्षक घरी येऊन पडद्यावरचा बिबट्या पाहतो आणि गच्चीचे दार लावून घेतो. त्याला भोळा म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्याच्याकडून करारच मागितला गेलेला नाही.

शब्दयोजनाही तपासण्यासारखी आहे. थरार, दहशत, धुमाकूळ, जेरबंद. यांतले बहुतेक शब्द गुन्हेवार्तेतून आलेले आहेत ('जेरबंद' तर मुळात घोड्याच्या सरंजामातला पट्टा). १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपवली. वृत्तवाहिनीच्या भाषेत ती आरोपीच्या पाठलागाच्या रूपाने शिल्लक राहिली.

यवतमाळ जिल्ह्यातील टी-१ ऊर्फ अवनी या वाघिणीचे प्रकरण या दृष्टीने सर्वांत गंभीर. तेरा माणसांच्या मृत्यूचे आरोप तिच्यावर होते, दोन बछडे होते. हत्ती, ड्रोन, विदेशी कुत्रे, आमिष म्हणून अत्तर, असा सरंजाम शोधासाठी वापरला गेला. हे सारे खरे होते आणि ऐकताना थाप वाटत होते. वाहिन्यांना पदरचे घालण्याची गरजच उरली नाही. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री ती मारली गेली तेव्हा मात्र वृत्तवाहिन्यांचा कॅमेरा तेथे नव्हता. पुढचा सगळा वाद क्रमाचा होता. आधी बेशुद्धीचा डार्ट की आधी गोळी, ती चालून आली की पाठमोरी होती. आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न आणि तो फसला तरच गोळी, असा आदेश असल्याने हा क्रम म्हणजेच कायदा होता. कथनमीमांसेत घटनाक्रम आणि निवेदनक्रम यांचा भेद वर्गात शिकवला जातो. येथे तो शवविच्छेदनाच्या टेबलावर तपासावा लागला. महिनोन्महिने चाललेल्या दृश्यांच्या वर्षावातून हाती आलेला निर्णायक पुरावा दृश्य नव्हता, जखमेची दिशा होती.

आता वेगळ्या शिकाऱ्याचा विचार केल्याशिवाय प्रामाणिकपणाचा प्रश्न पुरा होत नाही. फासेपारधी हा महाराष्ट्रातील सर्वांत निष्णात रानमाणूस. त्याची पद्धत फास, जाळे, आवाजाची नक्कल आणि तासन्‌तास स्तब्ध राहणे. यात बंदुकीच्या आवाजासारखा एकही कथनीय क्षण नाही, म्हणून ती दूरचित्रवाणीला निरुपयोगी. पण कारण तेवढेच नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्यानंतरच्या संशयाने या माणसाची हकिगत कबुलीजबाब ठरवली. १९५२मध्ये विमुक्ती झाली, पण ठाण्यातील नोंदवहीची सवय गेली नाही. साहेबाने वाघ दोन फुटांनी वाढवला तर ती रंगत. पारध्याने तितर धरल्याचे खरे सांगितले तर तो गुन्हा. थाप मारण्याचा हक्क हा विशेषाधिकार आहे, ही गोष्ट शिकारकथेच्या समीक्षेने फारशी लक्षात घेतली नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या'ने १९८७मध्ये विमुक्तांच्या कबुलीला साहित्याचा दर्जा मिळवून दिला, तोही मराठवाड्याच्याच भूमीतून. रानातल्या विद्येबाबत तसे लेखन अद्याप व्हायचे आहे. तूर्त पडद्यावर माग काढताना जो दिसतो तो वाहिनीचा सूत्रसंचालक असतो. त्याच्या दोन पावले पुढे, चौकटीच्या किंचित बाहेर, ज्याने ठसा आधी पाहिलेला असतो आणि बोटाने दाखवलेला असतो, त्याचे नाव बहुधा शेवटच्या श्रेयनामावलीतही नसते.