रात्रीची सारा

नवेगाव बांध म्हटलं की मराठी वाचकाला आधी पाखरं आठवतात. मारुती चितमपल्ली इथं वनाधिकारी होते. माधवराव पाटील डोंगरवारांचं बोट धरून त्यांनी हे रान वाचलं आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ लिहून आपल्यालाही वाचायला दिलं. पण हा बांध कुणी पाखरांसाठी घातला नव्हता, तो धानासाठी घातला. कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं इथली माणसं आजही सांगतात, आणि कोहळी लोकांच्या तळी बांधण्याच्या हातोटीवर जुना अख्खा भंडारा जिल्हा जेवत आला. तळं भरलं की बांधीत पाणी, पाणी असलं की धान, धान घरात आलं की रात्र मोकळी. त्या मोकळ्या रात्रीत पूर्व विदर्भाची ही झाडीपट्टी नाटक करते. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, लागतात आणि दंडार उभी राहते.

मला लिहायचं आहे ते अशाच एका दंडारीबद्दल, आणि तिच्यातल्याही जेमतेम पंधरा मिनिटांबद्दल. बांधापासून फार लांब नसलेल्या एका गावची मंडई होती, नोव्हेंबर संपत आला होता. सोंगं घेणारे सगळे गावातलेच: शेतकरी, एक शिंपी, कॉलेजात जाणारी दोन पोरं. आणि बाईचं सोंग घेतलेले प्राथमिक शाळेचे गुरुजी. त्यांचं नाव मी लिहीत नाही. मंडईत त्यांना सगळे नुसतं ‘गुर्जी’च म्हणत होते.

दंडारीत बाईचं सोंग परंपरेनं पुरुषच घेतो. ढोलकी, टाळ, नाच, गाणं, मध्ये कथा, आणि कथेत कुठूनही घुसणारं आजचं बोलणं. संहिता लिहिलेली असतेच असं नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या दंडारीचा आणि झाडीबोलीचा अभ्यास केला, शब्दकोश केला, तेव्हा कुठं बाहेरच्यांना कळलं की हे गावंढळ काहीतरी नाही, स्वतःचं व्याकरण असलेली कला आहे. तोवर पुण्या-मुंबईच्या नाट्यचर्चेत दंडार हा शब्द क्वचितच ऐकू येई.

आता तो प्रवेश.

अंगण. नवरा मोहाची पिऊन आला आहे. ढोलकी त्याच्या पावलांना साथ करते: तो डुलला की ती डुलते, तो अडखळला की तीही मुद्दाम अडखळते. हशा थांबत नाही. मागच्या बाजूला, प्रेक्षकांकडे पाठ करून, बाई सूप घेऊन बसलेली. गुरुजींनी पूर्ण पाच मिनिटं तोंड दाखवलं नाही. नाटकात पाच मिनिटं पाठ दाखवून बसायला किती धीर लागतो, हे रंगमंचावर एकदा तरी उभ्या राहिलेल्या माणसाला विचारा. ती फक्त पाखडते. भरलेल्या सुपाचा आवाज ओला, जड असतो. मूठभर धानाचा कोरडा, खुळखुळता. समोर बसलेल्या बायांचे कान जन्मभर तो आवाज ऐकत आले आहेत. त्या सगळ्यांत आधी गप्प झाल्या. पुरुष अजून हसत होते.

मग ढोलकीवाल्यानं जे केलं ते मी विसरणार नाही. त्यानं नवऱ्याच्या पावलांचा ठेका सोडला आणि हळूच सुपाचा ठेका धरला. नवरा तसाच डुलत राहिला, पण आता त्याच्याखाली ताल नव्हता. एका क्षणात तो हसण्याचा विषय राहिला नाही. गंमत तीच, सोंग तेच, फक्त साथ एकाकडून दुसरीकडं गेली. सहानुभूती कुणाकडं वळवायची हे शब्दांनी सांगावंच लागलं नाही.

नवऱ्याचा पाय सुपाला लागतो. धान सांडतं. बाई वळते आणि पहिल्यांदा तिचं तोंड दिसतं. तोंडावर राग नाही, रडू नाही. ती खाली वाकून दाणे वेचायला लागते आणि मोजायला लागते. एक. दोन. तीन. अगदी पुढं, जमिनीवर, पोरं बसली होती. ती रोज याच आवाजामागून आकडे म्हणणारी. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण चौथ्या दाण्याला तीही म्हणू लागली. चार! पाच! अख्खा आखर मोजायला लागला.

दहाला ती थांबते. आणि आता दहा दाणे वाटून टाकते. “हा सोसायटीचा. हा किराण्याचा. हा डाक्टरचा.” एकेक दाणा मातीवर ठेवते, जरा जरा अंतरावर. हात पुढं पुढं जातो, तळवा रिकामा होत जातो. शेवटचा दाणा ती बोटांत धरून ठेवते: “हा माह्या पोराच्या सारेचा.” आणि तोही खाली ठेवते, नवऱ्याच्या पायाशी, कारण मोहाच्या दारूचा हिशोब अजून राहिला आहे.

“सांगा जी, उरले किती?”

प्रश्न नवऱ्याला होता. उत्तर पोरांनी दिलं, वर्गात देतात तसं, एका सुरात, आनंदानं: “काईच नाई!” पाठीमागं त्यांचे बाप बसले होते.

जाणीव जागी करणाऱ्या कलेबद्दल आपण बरंच बोलतो आणि बहुतेक वेळा आपल्या मनात भाषण असतं. इथं दारूविरुद्ध एक शब्दही उच्चारला गेला नव्हता. वजाबाकीचं एक गणित घातलं गेलं आणि ते गावाच्या पोरांनी गावाच्या बापांदेखत सोडवलं. गुरुजींनी आपलं शिक्षकपण सोंगाबाहेर ठेवलं नाही. ते सोंगाच्या आत नेलं, बाईच्या ओंजळीत ठेवलं. आणि मोहफूल काही खलनायक नाही. चैत्रात पहाटे उठून बाया ते वेचतात, अडचणीच्या दिवसांत घराला त्याचाच आधार असतो. म्हणून दाण्यांचा हिशोब नेमका बसला: बोट फुलावर नाही, वाटणीवर ठेवलं गेलं.

हे पाहताना मला गडकऱ्यांची सिंधू आठवत होती. ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आलं. ते पाहायला गडकरी राहिले नव्हते, त्याच वर्षीच्या जानेवारीत आमच्याच विदर्भात, सावनेरला ते गेले. बालगंधर्वांनी फाटकं लुगडं नेसून केलेली सिंधू महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. तीही दळण दळते, तीही नवऱ्याच्या दारूचं ओझं वाहते. पण सिंधू क्षमा करते, मरतानाही नवऱ्याला वाचवायला बघते, आणि आपण रडून मोकळे होतो. दंडारीतली ही बाई क्षमा करत नाही आणि शापही देत नाही. ती हिशोब मागते. हिच्यापुढं रडता येत नाही, नुसतं चुळबुळत बसावं लागतं. पुरुषानं घेतलेलं बाईचं सोंग दोन्हीकडं आहे, दोन्हीकडं कसदार आहे. तरी माझं माप या सुपाकडं झुकतं.

झाडीपट्टीनं ‘एकच प्याला’ आपलंसं केलं आहे, हेही सांगायला हवं. देसाईगंज-वडसा इथल्या नाटक मंडळ्या हंगामभर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांत रात्रभराची नाटकं करतात. कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे याच रंगभूमीचे. आठशेवर नाटकं, पाच हजारांवर प्रयोग, त्यांत ‘एकच प्याला’ही. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा नक्षलवादाच्या वाटेवरून परतणाऱ्या तरुणांसाठी केलेल्या कामाचाही उल्लेख झाला. त्यांचा जिल्हा गडचिरोली. तिथं १९९३ पासून दारूबंदी आहे, लोकांच्या चळवळीतून आलेली. हा मुलूख दारूच्या प्रश्नावर केवळ नाटकं बघत बसलेला नाही.

त्या रात्रीचा शेवट मात्र कमजोर होता, आणि मनापासून आवडलेल्या प्रयोगाबद्दल हे दडवणं बरं नव्हे. कथा संपल्यावर एकानं पुढं येऊन दारूचे दुष्परिणाम सांगितले, शाळेच्या भिंतीवर लिहिलेले असतात तसे. लोक उठले, चहाच्या टपरीकडं गेले. दहा दाण्यांनी जे केलं होतं त्यावर दहा वाक्यांची गरज नव्हती. पुढच्या मंडईत ते भाषण गाळलं तर दंडार घरापर्यंत माणसांसोबत चालत जाईल.

एक शब्द मात्र माझ्यासोबत आला: सारा. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो आणि ‘श’चा ‘स’, म्हणून शाळा ती सारा. दिवसा फळ्यासमोर हेच गुरुजी पोरांकडून ‘शाळा’ म्हणवून घेत असतील. त्यांना ते करावंच लागतं, परीक्षा प्रमाण मराठीत असते. रात्री बाईच्या तोंडून ‘सारा’ आली ती चुकून नव्हे. त्या एका शब्दानं त्यांनी आपली खुर्ची सोडली आणि ज्यांच्या घरात तो शब्द रोज बोलला जातो त्यांच्या शेजारी, मातीत बसले. तिथून घातलेलं गणित वरून घातलेलं वाटत नाही. बाईच्या आवाजाला त्यांनी ओढूनताणून बारीकही केलं नव्हतं. थोडा बसलेला, थकलेला, शेताहून आलेल्या बाईचा असतो तसाच होता.

उजाडत होतं. तळ्याच्या अंगानं गारठा येत होता. गुरुजी हापशीवर तोंड धूत होते. काजळ निघत नव्हतं, कपाळाचं कुंकू गालावर ओघळलं होतं. पुढं बसून मोठ्यानं मोजणाऱ्यांतलाच एक पोरगा हापशीचा दांडा दाबत होता. थोडा वेळ त्यानं तसंच पाणी काढलं, मग विचारलं,

“गुर्जी, आज सारा हाये का जी?”

“हाये,” गुरुजी म्हणाले, आणि ओंजळ पुन्हा धारेखाली धरली.