प्रश्नाला जागा कुठे आहे?

२२ डिसेंबर १९५२ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुण्याच्या जिल्हा लॉ लायब्ररीत एक भाषण केले. लोकशाही नीट चालायची तर आधी काय काय असावे लागते, हा त्याचा विषय. जयंतीच्या व्याख्यानांत त्यातले एखादे वाक्य येते. सबंध भाषण वाचणारे थोडे. मी ते काही वर्षे पदवीच्या शेवटच्या वर्गात वाचतो आहे. वर्गात उल्हासनगरच्या कॅम्पांतली, अंबरनाथच्या वस्त्यांतली, बदलापूरच्या चाळींतली मुले असतात. बहुतेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी तीच पहिली. मीही तसाच होतो.

या भाषणात बाबासाहेब लोकशाहीची स्वतःची व्याख्या देतात. सत्तेला अडवणारा कुणीतरी असणे, हेही ते लावून धरतात. पाच वर्षांनी मतदार सत्ताधाऱ्याला अडवू शकतो. पण तेवढ्याने भागत नाही. सत्तेला तिथल्या तिथे, सभागृहात, तोंडावर जाब विचारणारा लागतो. म्हणून विरोधी पक्ष. इंग्लंडात विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो, हे ते मुद्दाम सांगतात. आणि आपली वृत्तपत्रे सरकारलाच जास्त जागा देतात, त्यामागे जाहिरातींचे उत्पन्न असावे, असेही सांगतात. हे १९५२ साली!

आज सार्वजनिक चर्चेचा दर्जा घसरला अशी जी ओरड चालते, तिचा रोख बहुधा पुढाऱ्यांच्या भाषेवर असतो. पुढारी शिवराळ झाले, पूर्वीचे कसे सुसंस्कृत बोलत. मला या तक्रारीबद्दल थोडा संशय आहे. दलित लेखक लिहू लागले तेव्हा त्यांच्याही भाषेला हीच मंडळी शिवराळ म्हणत होती. माझे वडील अंबरनाथच्या कारखान्यात कामगार होते, चौथी शिकलेले. गेट मीटिंगचे वर्णन मी त्यांच्याकडून ऐकले आहे. पुढारी टेम्पोवर उभा, आणि खालून कुणीतरी ओरडायचा, ‘ओव्हरटाइमचं काय झालं?’ मधे एखादी कचकचीत शिवीही यायची. पण उत्तर मिळाल्याशिवाय टेम्पो हलत नसे. त्या चर्चेचा दर्जा मी आजच्या कुठल्याही परिसंवादापेक्षा वरचा मानतो. प्रश्न भाषेचा नाही. विचारणाऱ्याला उभे राहायला जागा आहे की नाही, हा आहे.

आमच्या तीन शहरांत ही जागा काही वर्षे चक्क कुलूपबंद होती. अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपरिषदांची मुदत २०२० साली संपली, उल्हासनगर महापालिकेची २०२२ साली. संविधानाचे कलम २४३-यू सांगते की मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे. झाली नाही. आधी महामारी, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा खटला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा कुठे चाके हलली. तोवर कारभार प्रशासकाकडे. प्रशासक चांगला की वाईट, हा मुद्दाच नाही. त्याच्यासमोर सभा नसते, सभेत विरोधी बाक नसतो. अठरा वर्षांची झालेली माझी कितीतरी मुले आपल्या गावच्या नगरसेवकासाठी एकदाही मत न देता पदवीधर होऊन गेली.

सभागृह बंद होते म्हणून राजकारण काही थांबले नाही. ते फलकावर गेले. स्टेशनबाहेर, चौकात, पुलाच्या कठड्यावर पुढाऱ्यांचे हात जोडलेले चेहरे. फलक बोलतो, त्याला उलट विचारता येत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. तक्रार नोंदवायला झालेल्या विलंबाबद्दल पुढे उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले. २० ऑगस्टला लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत रुळांवर बसले. मंत्री समजूत घालायला आले, शेवटी लाठीमार झाला. मुख्यमंत्री म्हणाले, आंदोलक बाहेरचे होते. मी या विधानाशी बराच वेळ अडून बसलो. खरे-खोटे बाजूला ठेवू. प्रश्न विचारणाराच बाहेरचा ठरवला की उत्तराची गरज उरत नाही. ही युक्ती आपल्याला नवी नाही, गावकुसाबाहेर आपण पिढ्यान्‌पिढ्या तीच ऐकली. महिनाभराने आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि मुंबईत फलक लागले: ‘बदला पुरा’. एका शहराच्या नावावर कोटी करून न्यायाचा विषय मिटवण्यात आला. त्याच भाषणात बाबासाहेब सार्वजनिक विवेक ही लोकशाहीची अट म्हणून सांगतात. ती अट या फलकाजवळ उभे राहून तपासावी.

आता स्वतःकडे वळतो, कारण दुसऱ्यांवर लिहिणे सोपे असते. आमच्याच भागातल्या एका वस्तीत मला जयंतीला वक्ता म्हणून बोलावले होते. वस्तीला चार दिवस पाणी नव्हते. शेजारी स्थानिक पुढारी. फलकावर त्यांचा चेहरा बाबासाहेबांच्या चेहऱ्याहून तसूभर मोठा. त्यांनी मला शाल-श्रीफळ दिले, मी संवैधानिक नीतिमत्तेवर चाळीस मिनिटे बोललो. वॉशिंग्टनला लोक देव मानत असताही त्याने तिसरी निवड नाकारली, हे बाबासाहेबांनीच दिलेले उदाहरणही दिले. पाण्यावर एक शब्द नाही. परतताना माझी एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘सर, तुम्ही त्यांना पाण्याचं का नाही विचारलं?’ मी म्हणालो, ‘अगं, ते व्यासपीठ त्यासाठी नव्हतं.’ ती म्हणाली, ‘मग कुठलं?’

याचे उत्तर मला देता आले नाही. चळवळीलाही देता येईल असे वाटत नाही. रिपब्लिकन पक्ष १९५७ साली स्थापन झाला तो बाबासाहेबांच्या मनातला सबळ विरोधी पक्ष म्हणून. त्याचे पुढे किती तुकडे झाले ते वाचकांना ठाऊक आहे. प्रत्येक तुकड्याचा एक नेता, आणि नेत्याला प्रश्न विचारला की तो समाजद्रोह. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत भक्तीच्या राजकारणाबद्दल दिलेला इशारा आपण भिंतीवर रंगवला. तो फक्त दुसऱ्यांसाठी आहे, असे मानून.

डिसेंबर २०२५ मध्ये अंबरनाथ-बदलापूरला आणि जानेवारी २०२६ मध्ये उल्हासनगरला अखेर मतदान झाले. अंबरनाथला निकालानंतर काँग्रेसचे बारा नगरसेवक भाजपबरोबर गेले, पक्षाने त्यांना निलंबित केले, मग ते भाजपमध्येच दाखल झाले. सभागृह उघडले, पण तिथला एक विरोधी बाक मतदारांना न विचारता उठून गेला.

ती मुलगी आता पदव्युत्तर वर्गात आहे. सर्वसाधारण सभा प्रेक्षकांत बसून ऐकायची तिची इच्छा आहे. तिने अर्ज लिहून आणला, खाली मैत्रिणींच्या सह्या. पाण्याचा मुद्दा तिने वेगळ्या कागदावर लिहिला आहे. त्यावर मी सही केली.